झील धरायची जागा

आमच्याकडे भजनात एक जण ओळ म्हणतो आणि बाकीचे ती मागून उचलतात. या उचलण्याला झील धरणं म्हणतात. झील धरणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही, हारही त्याच्या गळ्यात पडत नाही. पण त्यानं ओळ वेळेवर उचलली नाही तर पुढं बसलेला गाणारा उघडा पडतो. माझी आई लग्न होऊन सौंसरला आली तेव्हापासून झील धरत आली आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या मारुतीच्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी बायांचं भजन असतं. सगळ्यात पुढं माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, खंजेरी घेऊन बसते. तिच्या मागं हार्मोनियमवाली आणि ढोलकीवाली, आणि त्यांच्या मागं झील धरणाऱ्या बाया. सगळ्यांची तोंडं देवाकडं.

मला मराठी वाचता-लिहिता येतं ते या भजनामुळं. सौंसर मध्य प्रदेशात, म्हणून आमची शाळा हिंदीची. पुस्तकं हिंदी, निबंध हिंदी, गुरुजी रागावायचे तेही हिंदीत. घरात मात्र मराठी. आईला वाचता येत नव्हतं, पण ओळी सगळ्या तोंडपाठ. ती म्हणायची आणि मी भजनाच्या छापील पुस्तिकेत ती ओळ शोधायची. अशी मी मराठी वाचायला शिकले. पुढं मी कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यासाठी आईनं हंगामात कापूस वेचला आणि संत्र्याच्या दिवसांत बगीच्यातल्या ढिगापाशी बसून लहान-मोठी फळं वेगळी केली. संध्याकाळी तिच्या बोटांना संत्र्याच्या सालीचा वास असायचा आणि त्याच हातांनी ती टाळ धरायची. आज मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते, नवरा आणि मी तिथंच राहतो, पण शनिवारची बस धरून सौंसरला जाणं सुटलेलं नाही.

दोन-तीन वर्षांपासून आईला कमी ऐकू येऊ लागलं. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, लक्ष नसेल. मग टीव्हीचा आवाज वाढत गेला. मग फोनवर ती भलत्याच प्रश्नांची उत्तरं देऊ लागली. मी विचारायची, "जेवली का?" आणि ती सांगायची, "भाऊ बगीच्यात गेला हाय." घरात आम्ही हसायचो, तीही हसायची.

भजनात मात्र ते हसण्यावारी गेलं नाही. मंडळ जामसावळीला मारुतीपुढं भजन म्हणायला गेलं होतं. शनिवार होता, गर्दी होती. मोठ्या आईनं एक ओळ म्हटली आणि पुढची म्हणण्याआधी श्वास घेतला. आईला वाटलं, ओळ संपली. तिनं एकटीनं, पूर्ण आवाजात झील उचलली. बाकी कोणीच नाही. दर्शनाच्या रांगेतले लोक वळून पाहू लागले, दोन पोरी फिसकन हसल्या. मोठ्या आईनं भजन थांबवलं नाही, पण ते संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "लहाने, तू आता टाळ्या वाजव. झील बाकीच्या धरतीन."

मोठी आई माझ्या आईला लहानेच म्हणते. आई तिला बाई म्हणते. दोघी जावांनी एका चुलीवर बरीच वर्षं काढली आहेत आणि एकमेकींना टोचून बोलण्याचा दोघींनाही सारखाच हक्क आहे. पुढच्या गुरुवारी आई म्हणाली, "माहे गुडघे दुखून राहिले, खाली बसनं होत नाई." त्याच्याही पुढच्या गुरुवारी तेच. आणि दिवसभर ती अंगणात उकिडवी बसून लसूण सोलायची, मिरच्या निवडायची. गुडघे फक्त गुरुवारी संध्याकाळीच दुखायचे.

मी आणि भावानं मिळून तिच्यासाठी कानाची मशीन आणली. नागपूरच्या दवाखान्यात ती लावल्याबरोबर आईनं दोन्ही हात कानावर ठेवले. पंखा वाजतो, कागद वाजतो, कोणाची चप्पल घासते, सगळं एकदम. घरी आल्यावर तर मिक्सर, शेजारचा टीव्ही, रस्त्यावरचे टेम्पो. "हे मशीन आयकू येयाले नाई, डोकं फिरवायले दिलं," असं म्हणून तिनं ती डबीत घातली आणि डबी कपाटात बांगड्यांच्या मागं ठेवली. भजनही गेलं आणि मशीनही गेली. आई दिवसेंदिवस गप्प राहू लागली. मला खरी काळजी त्या गप्प राहण्याची होती.

गेल्या हिवाळ्यात मशीन तपासायला नागपूरला जायचं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी तिथं बाहेरदेशातून आलेल्या एका मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. माझी कॉलेजची मैत्रीण नागपुरात नोकरी करते. तिच्या ऑफिसात पास आले होते. ती म्हणाली, "तुम्ही दोघी जा, माझ्याकडं मुक्काम करा आणि सकाळी सौंसरची बस धरा." मी तोपर्यंत असा कार्यक्रम कधी पाहिला नव्हता. आमच्याकडं ऑर्केस्ट्रा म्हणजे नवरात्रात चौकात होणारी सिनेमाची गाणी. कॉलेजात असताना एका पुस्तकात अशा वाद्यवृंदाचं चित्र पाहिलं होतं, काळे कपडे घातलेली माणसं अर्धगोल करून बसलेली. तेव्हापासून मनात होतं. पण आईला न्यावं का? जिला ऐकू येत नाही तिला गाणं-बजावणं ऐकायला नेणं म्हणजे तिची थट्टा केल्यासारखं होईल, अशी भीती होती. मैत्रिणीच्या घरी तिला एकटी ठेवणंही बरं वाटेना. मी विचारलं तर आई म्हणाली, "चाल ना. तुह्या मनात हाय तं चाल. मी बसून राहीन." आणि बगीच्यातली संत्री एका थैलीत भरू लागली.

"एवढी संत्री कोणाला?"

"वाजवनाऱ्याइले. दुरून येऊन राहिले ना थे?"

आमच्याकडं बाहेरगावचं भजनी मंडळ आलं की त्यांना रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. चहा, नारळ, संत्र्याचे दिवस असले तर संत्री. मी समजावलं, आई, ते तसं नसतं, तिथं आपल्याला कोणी जवळ जाऊ देणार नाही. तिला हे ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. थैली भरली गेली.

दवाखान्यात मशीन तपासणाऱ्या मुलीनं विचारलं, "काकू, घरी रोज लावता ना?"

"लावतो ना."

मुलीनं मशीन कॉम्प्युटरला जोडली, पडद्यावर पाहिलं आणि हसली. "काकू, मशीन तर सांगून राहिली की तुम्ही तिला लावतच नाही."

आईनं माझ्याकडं पाहिलं, मग मशीनकडं. "चुगलखोरच हाय मंग हे!"

मुलीनं आवाज थोडा कमी करून दिला आणि सांगितलं की एकदम गोंगाटात लावू नका, आधी शांत जागी लावा. रस्त्यावर येताच आईनं ती काढून पदराच्या गाठीत बांधली.

संध्याकाळी आम्ही सभागृहावर पोचलो. दारावरच्या गार्डनं थैली उघडून पाहिली. खाण्याचं सामान आत नेता येत नाही म्हणाला. आईनं त्याला दोन संत्री काढून दिली आणि थैली त्याच्याच खुर्चीखाली सरकवली. "सांभाळ बाप्पा, जातानी नेतो." तो बिचारा काही बोलायच्या आत आम्ही पुढं गेलो. हॉलच्या दाराशी आई थांबली. मी पुढं गेलेली, मागं वळून पाहते तर ती चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवत होती.

"आई, इथं घालून जातात!" मी हातानं खुणा केल्या.

"वाद्य हायेत ना आतमधी?" ती म्हणाली आणि अनवाणीच आत गेली. चांगले बूट घातलेले एक म्हातारे गृहस्थ आमच्या मागून येत होते. ते चपलांकडं पाहून थबकले, मग त्या पायात येऊ नयेत म्हणून जरा बाजूनं वळून गेले. मला ते बरं वाटलं.

आमच्या जागा वरच्या सज्ज्यात एका कडेला होत्या. त्या स्वस्तातल्या जागा असाव्यात, पण तिथून सगळी माणसं दिसत होती. व्हायोलिनवाले पुढं, त्यांच्यामागं बासरीवाले, मग पितळेची वाद्यं, आणि सगळ्यात शेवटी, उंचावर, तांब्याचे मोठाले नगारे घेऊन बसलेला एक उंच माणूस. आईनं त्या नगाऱ्यांकडं बोट दाखवलं. "हे तं पानी तापवायचे गुंड होय! वरतून चामडं बांधलं फक्त."

मग काळा कोट घातलेला एक माणूस आला, टाळ्या पडल्या, तो वाकला आणि वळून आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. हातात बारीक काडी. आईला हे पसंत पडलं नाही.

"हा आपल्याले पाठ देऊन काऊन उभा हाय? एवढे लोक आले पाहाले, अन् हा पाठ दाखवते?"

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा झाला ते कळत नाही. पुढच्या रांगेतल्या बाईचे खांदे हसून हलले. मी आईच्या हातावर हात ठेवला आणि खूण केली, मशीन लाव. इथं कोणी बोलत नाही, इथं शांत आहे. तिनं गाठ सोडून मशीन कानात घातली आणि वाईट काहीतरी होणार असल्यासारखी खुर्चीच्या हातांना धरून बसली.

मी आदल्या दिवशी मोबाईलवर सगळं वाचून गेले होते. मोठी रचना तीन-चार भागांत असते, भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, वगैरे. परीक्षेला बसल्यासारखी मी ते आठवत होते. पण वाजणं सुरू झालं आणि ते सगळं डोक्यातून गेलं. मी आजवर गाणं ऐकलं ते लाऊडस्पीकरमधून, किंवा देवळात. इथं एकही स्पीकर दिसत नव्हता. लाकडाच्या आणि तारेच्या आवाजानं तो एवढा मोठा हॉल भरत होता. सगळे व्हायोलिनवाले एकदम गज खाली नेत, एकदम वर आणत. वाऱ्यानं कापसाचं शेत एका बाजूला झुकावं तसं ते दिसत होतं. मला रडू आलं नाही, पण बरं खूप वाटलं. आपण इथपर्यंत आलो, आईला घेऊन आलो, आणि हे आपल्यासाठीही वाजून राहिलं आहे, असं काहीसं.

बऱ्याच वेळानं मी आईकडं पाहिलं. तिनं कानावर हात ठेवले नव्हते. खुर्चीचे हातही सोडले होते. ती पुढं वाकून पाहत होती. मला वाटलं व्हायोलिनकडं पाहते आहे. पण तिची नजर त्यांच्यावरून पार मागं, त्या नगारेवाल्यावर होती. आणि तो माणूस काहीच करत नव्हता. हात मांडीवर ठेवून नुसता बसला होता.

तेवढ्यात वादन अगदी हळू झालं. एकटी बासरी उरली, तीही विझल्यासारखी. सगळ्या हॉलमध्ये कोणी खोकतही नव्हतं. त्या शांततेत आई, तिच्या नेहमीच्या आवाजात, बोलली.

"अन् हा वाला कई वाजवन व?"

लोक वळले. कोणीतरी "शू" केलं. मी खाली पाहू लागले. पण पुढची बाई वळून आईकडं पाहत हसली आणि बोटानं 'थांबा' अशी खूण केली, जशी काही तीही त्याचीच वाट पाहत होती. आणि मग मीही त्याच्याकडं पाहू लागले. तो हळूच उभा राहिला. दोन्ही काठ्या उचलल्या. त्याचे डोळे समोर त्या काडीवाल्यावर होते, इकडं नाही, तिकडं नाही. काडीवाल्याचा डावा हात वर गेला, क्षणभर थांबला, खाली आला, आणि नगारा बोलला. माझ्या खुर्चीतून तो पाठीपर्यंत आला. आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"हात पाहून वाजवते थो," ती म्हणाली, या वेळी कानाशी. "आयकून नाई. हात पाहून."

कार्यक्रम संपला तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, आईही वाजवत होती, पण टाळ्यासुद्धा तिनं त्या नगारेवाल्याकडं वळून वाजवल्या.

बाहेर आल्यावर चपला जागच्या जागी होत्या, थैलीही होती. आता घरी जाऊ असं मला वाटलं. आईनं मात्र गार्डला विचारलं, "वाजवनारे कोन्या दारानं निघतीन, भाऊ?" संत्री खाल्लेल्या माणसाला नाही म्हणता आलं नाही. त्यानं मागच्या फाटकाकडं हात केला. तिथं त्यांची बस उभी होती. दाराबाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आई एक एक संत्रं ठेवू लागली. व्हायोलिनची पेटी पाठीवर घेतलेल्या मुली आधी दचकल्या, मग हसल्या, मग दोन्ही हातांनी घेऊ लागल्या. एकीनं ते नाकाला लावून डोळे मिटले. थैली रिकामी होत आली तेव्हा आईनं एक मोठं संत्रं बाजूला काढून पदरात ठेवलं. ते कोणासाठी हे मला विचारावं लागलं नाही.

तो सगळ्यांत शेवटी आला. नगारे आवरायला वेळ लागत असेल. चालता चालता त्यानं दोन्ही कानांतून बोंडासारखं काहीतरी काढलं आणि डबीत ठेवलं. आईचं तोंड उघडंच राहिलं.

"पाय, पाय! यालेबी मशीन हाय!"

तिनं पुढं होऊन संत्रं दिलं, आपल्या कानातली मशीन दाखवली, त्याच्या डबीकडं बोट केलं आणि एका हातानं आपल्याच तळहातावर काठी मारल्यासारखं करून मान डोलावली. म्हणजे, तुमचा ठोका बरोबर पडला. त्याला किती कळलं कोण जाणे. त्यानं वाकून नमस्कार केला आणि तिथंच उभ्या उभ्या संत्रं सोलून एक फोड तिच्या हातात दिली. आईनं ती खाल्ली. आपल्याच बगीच्यातलं संत्रं, पण ती म्हणाली, "गोड हाय."

मैत्रिणीच्या घरी मी ही गंमत सांगितली तर तिनं मला खरं काय ते सांगितलं. ते यंत्र नव्हतं. पितळी वाद्यं आणि नगारे यांच्या मोठ्या आवाजानं कान जाऊ नयेत म्हणून वाजवणारे कानात बोळे घालतात. आईची चूक सुधारावी की राहू द्यावी, असा मला प्रश्न पडला. तिला तो माणूस आपल्यासारखा वाटला होता, यात तिचा आनंद होता. पण मी मास्तरीण आहे. खोटं तसंच राहू देणं मला जमत नाही. सकाळच्या बसमध्ये, लोधीखेड्याला बस चहासाठी थांबली आणि इंजिन बंद झालं तेव्हा, मी सांगून टाकलं. आईनं मशीन घातलेली होती, स्वतःहून.

"आई, त्याला ऐकू येतं बरं. ती मशीन नव्हती. तो कान बंद करून वाजवतो, आवाज जास्त होऊ नये म्हणून."

आई खिडकीबाहेर पाहत चहा पिऊ लागली. मला वाटलं, हिरमुसली. चहा संपवून तिनं कप बाहेर टाकला आणि म्हणाली, "मंग तं अजूनच झालं."

"काय झालं?"

"आयकू येऊन कान बंद करते, अन् तरी बरोबर वाजवते. म्हंजे काम कानाचं नाईच. डोयाचं हाय." आणि बस निघाल्यावर, रस्त्याकडच्या संत्र्याच्या बगीच्यांकडं पाहत, स्वतःशीच: "बाईची पाठच पाहून राहिली ना मी एवढे साल. पाठ पाहून काय समजन?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती काल रात्रीपासून काय जुळवत होती. भजनात ती मोठ्या आईच्या मागं बसते. तिला मोठ्या आईचा अंबाडा दिसतो, ओठ दिसत नाहीत, खंजेरीवरचा हात दिसत नाही. कान चांगले होते तोवर त्याचं काही अडलं नाही.

त्या गुरुवारी मी मुद्दाम रजा टाकून सौंसरला राहिले. संध्याकाळी आईनं मशीन लावली, नऊवारीचा पदर खोचला आणि टाळ घेऊन देवळात गेली. गुडघ्यांविषयी एक शब्द नाही. बाया जमल्या होत्या. मोठी आई देवासमोर मांडी घालून बसली होती. आईनं आपली सतरंजी उचलली, सगळ्यांना ओलांडून पुढं गेली आणि मोठ्या आईच्या समोर, तिच्याकडं तोंड करून बसू लागली.

"अवं लहाने!" मोठी आई ओरडलीच. "देवाले पाठ देऊन बसते का? दिमाग ठिकानावर हाय ना तुहा?"

हार्मोनियमवालीनं भाता सोडून दिला. मला भीती वाटली की आता आई उठेल आणि पुन्हा गुडघे दुखू लागतील. हे आता झालं नाही तर पुन्हा कधीच होणार नाही, हे मला दिसत होतं.

आई उठली नाही. म्हणाली, "बाई, मले तुमचा हात दिसाले पायजे. तोंड दिसाले पायजे. मले आयकू कमी येते."

हे वाक्य तिनं आजवर कोणासमोरही म्हटलं नव्हतं. गुडघे म्हटलं होतं, झोप येते म्हटलं होतं, हे नाही.

"मंग देवाले पाठ दाखवशीन?"

"नागपूरले थो काडीवाला एवढ्या लोकाइले पाठ देऊन उभा होता, कोनी काई नाई म्हनलं. उलट टाळ्या वाजवल्या."

बाया हसू लागल्या. "काकू नागपूरहून शिकून आल्या व!" ढोलकीवाली म्हणाली.

मोठी आई हसली नाही. ती आईच्या कानाकडं पाहत होती, जिथं केसांतून मशीनची बारीक नळी दिसत होती. जामसावळीचं तिलाही आठवलं असेल का, मी सांगू शकत नाही. तिनं खंजेरी खाली ठेवली. "देवाले पाठ नाई दाखवाची," ती म्हणाली. "तू उठ तिथून. थ्या खिडकीपाशी बस, भिंतीकून." आई उठून खिडकीशी, कडेला बसली. तिथून देव एका बाजूला आणि मोठी आई दुसऱ्या बाजूला. पण मोठ्या आईचं तोंड अजून देवाकडंच, आणि आईला तिचा एक गालच दिसत होता.

मोठ्या आईनं एकदा देवाकडं पाहिलं, हात जोडले, आणि बसल्या बसल्या आपलं आसन खिडकीकडं अर्धं फिरवलं. वय झालेलं शरीर, वळायला वेळ लागला. "आता दिसते?" तिनं विचारलं.

"दिसते."

"माही पाठ कोनाकडे झाली मंग?"

"कोनाकडेच नाई," आई म्हणाली. "दाराकडे झाली."

मागच्या बायाही मग हळूहळू सरकल्या, कारण त्यांनाही मोठी आई नीट दिसेना. पाहता पाहता देवळात अर्धगोल झाला. त्यात व्हायोलिन नव्हतं, काळे कोट नव्हते, पण मी दारात उभी होते तिथून तो ओळखीचा वाटला.

भजन सुरू झालं. मोठ्या आईनं ओळ म्हटली. श्वास घेतला. मी ओढणीचं टोक मुठीत धरून होते. आईचे डोळे मोठ्या आईच्या खंजेरीवरच्या हातावर होते, ना देवाकडं ना माझ्याकडं. मोठ्या आईनं दुसरी ओळ म्हटली आणि संपता संपता खंजेरीचा हात, नेहमीपेक्षा बराच जास्त, अगदी कानाच्या वर उचलला, लहान पोराला दाखवावं तसा. तो खाली येऊ लागला आणि आईनं झील धरली. बाकीच्या तिच्या मागून आल्या.

पुढची ओळ. पुन्हा हात वर. आता आईला एवढा भरवसा आला होता की हात वर असतानाच तिनं ओळ उचलली.

मोठ्या आईनं खंजेरी तशीच हवेत धरली. "थांब ना व लहाने, हात खाली तं येऊ दे!"

"उचलला कायले मंग एवढा?" आई म्हणाली.

आणि दोघींनी, एकमेकींकडं पाहत, तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.